गाडी घ्यावी, की घाटकोपरलाच बदलत राहावं?

डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. घरात सासू-सासरे, मिस्टर आणि पहिलीत जाणारा मुलगा. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कंपनीत त्या अनेक वर्षं अकाउंट्स बघत होत्या. यंदा कंपनीने ऑफिस अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत हलवलं. आता सकाळी आठच्या आतली लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, मरोळ नाक्याहून रिक्षा. संध्याकाळी सहाला ऑफिस सुटतं. घाटकोपरला दोन-दोन फास्ट सोडाव्या लागतात आणि घरी पोचेपर्यंत साडेआठ, कधी नऊ होतात. मिस्टर म्हणतात गाडी घेऊ, मॅपवर सव्वा तास दिसतो, हप्ता १४ हजारांच्या आसपास बसेल. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, दादरला जा आणि वेस्टर्न पकड. सासूबाई म्हणतात, एवढी दगदग करण्यापेक्षा नोकरी सोड. ताई विचारतात, ‘सगळ्यात कमी वेळाचा मार्ग कोणता ते सांगा, म्हणजे तो पकडते आणि विषय संपवते. घरी पोचते तेव्हा कुणाशी बोलायचीही ताकद उरत नाही. मुलगा रोज विचारतो, आई, आज मी जागा असताना येणार ना?’

ताई,

तुम्ही कमी वेळाचा मार्ग विचारलात. पण पत्र पुन्हा वाचताना लक्षात आलं की सकाळच्या प्रवासाबद्दल त्यात तक्रारीची एक ओळही नाही. दमणं, चिडचिड, सुटलेल्या गाड्या, सगळं संध्याकाळचं आहे.

त्याला कारण आहे. सकाळी तुम्हाला दोन्ही गाड्या त्या जिथून सुटतात तिथेच पकडता येतात. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकल आहेत, त्यांत बसायला नाही तरी नीट उभं राहायला मिळतं. घाटकोपर तर मेट्रो १ चं, म्हणजे वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचं, टोकच. तिथे अख्खी गाडी रिकामी होते आणि पुन्हा भरते. एक भरलेली गाडी सोडून रांगेत पुढे उभं राहिलं की पुढच्या तीन-चार मिनिटांत येणाऱ्या गाडीत बहुतेक वेळा बसायला मिळतं. संध्याकाळी हेच उलटं होतं. मरोळ नाक्याला मेट्रो येते ती वर्सोवा, अंधेरी, चकाल्याची माणसं घेऊन. घाटकोपरला फास्ट येते ती सीएसएमटीपासून दादर, कुर्ल्यापर्यंत भरत भरत. दोन्ही ठिकाणी तुम्ही भरल्या गाडीत शिरता, तेही दिवसभर काम करून. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की जाण्याचा आणि येण्याचा मार्ग एकच असला पाहिजे हे डोक्यातून काढून टाका. सकाळचा आहे तो ठीक आहे, त्याला हात लावू नका. संध्याकाळचा वेगळा लावून बघू.

त्याआधी बाकीचे सल्ले तपासून घेऊ.

दादरचा सल्ला मनापासून दिलेला असेल, पण तो जुन्या सवयीतून आलेला आहे. ८ जून २०१४ ला मेट्रो १ सुरू होईपर्यंत सेंट्रलच्या माणसाला अंधेरी गाठायची तर दादरला बदलायचं, नाहीतर घाटकोपरला उतरून बसने साकीनाक्याच्या ट्रॅफिकमधून जायचं, असंच होतं. तेव्हा दादर बरं होतं. आज तुम्ही घाटकोपर ओलांडून दक्षिणेला दादरपर्यंत जाणार, ऐन गर्दीत पूल चढून वेस्टर्नच्या फलाटावर येणार आणि परत उत्तरेला अंधेरीपर्यंत येणार. तिथून एमआयडीसी राहतेच. वांद्रे, खार किंवा अंधेरी पश्चिमेला ऑफिस असतं तर मी दादरचा विचार करा म्हटलं असतं. तुमच्यासाठी तो मार्ग मेट्रो बंद पडेल त्या दिवसापुरता लक्षात ठेवा.

आता गाडीचं. हे जरा सविस्तर लिहिते, कारण यात तुमचे पैसे पाच-सात वर्षांसाठी अडकणार आहेत.

मॅपवर दिसलेला सव्वा तास मिस्टरांनी कुठल्या वेळी बघितला? रात्री जेवणानंतर किंवा रविवारी सकाळी बघितला असेल तर तो खरा आहे, पण तुमच्या कामाचा नाही. मॅपमध्ये निघण्याची वेळ घालायची सोय असते. तिथे मंगळवार संध्याकाळ, सहा वाजता, ऑफिस ते घर असं टाकून बघा. एक आकडा येत नाही, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पट्टा येतो. त्यातला मोठा आकडा धरून चाला. डोंबिवलीतून निघायचं तर शीळफाटा, महापे, ऐरोली पूल, किंवा मोठागाव-माणकोली पुलावरून नाशिक हायवे आणि माजिवडा. कुठूनही गेलात तरी शेवटी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला लागायचंच, आणि पवईचा तो पट्टा संध्याकाळी किती वेळ घेईल हे रोज जाणाऱ्यालाही सांगता येत नाही. लोकल उशिरा येते तेव्हा ती साधारण दहा-पंधरा मिनिटं उशिरा येते. रस्ता अडला की तास जातो. तुमचा मुलगा वाट बघतो ती ठरलेल्या वेळेची. ज्या प्रवासाची वेळ सांगता येत नाही, तो चार दिवस लवकर पोचवूनही पाचव्या दिवशी त्याला झोपलेलाच दाखवतो.

खर्चही मांडून बघा. एका वेळचं अंतर ३५ ते ४० किलोमीटर. दिवसाचे ७५ धरा. ट्रॅफिकमध्ये लिटरला १५ किलोमीटर मिळाले तर पाच लिटर पेट्रोल, लिटरला शंभराच्या वरचा भाव, म्हणजे दिवसाला ५०० रुपये तरी. महिन्याचे २२ दिवस धरले तर ११ हजार, त्यात १४ हजारांचा हप्ता, वर पार्किंग, विमा, सर्व्हिसिंग. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही वेशीवर लहान गाड्यांचा टोल माफ झाला हे खरं, पण त्याने या बेरजेत फारसा फरक पडत नाही. त्यासमोर सेकंड क्लासचा महिन्याचा पास काही शे रुपयांत येतो आणि घाटकोपर-मरोळ नाका मेट्रोला वीस-तीस रुपये लागतात.

आणि पत्रात न आलेला एक प्रश्न: गाडी चालवणार कोण? मिस्टर डोंबिवलीतच कामाला असतील तर स्टिअरिंगवर तुम्हीच. लोकलमध्ये उभ्या-उभ्या का होईना, डोळे मिटता येतात, फोनवर मुलाशी बोलता येतं. लिंक रोडवर क्लच-ब्रेक करताना यातलं काही होत नाही. घरी गाडी हवी असेल, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला, गावाला जायला, तर जरूर घ्या. मात्र ती घरासाठी घ्या, आणि तेवढाच हप्ता झेपतो का ते बघा. ऑफिसच्या प्रवासासाठी घेऊ नका. मिस्टरांचा आग्रह राहिलाच तर कुणाची तरी गाडी मागून एक अख्खा कामाचा आठवडा दोघांनी जाऊन-येऊन बघा. सोमवार आणि शुक्रवार त्यात आलेच पाहिजेत. निर्णय आपोआप होईल.

यापेक्षा कल्याण-डोंबिवलीचे तीन-चार सहकारी मिळून महिन्याच्या बोलीवर गाडी लावणं बरं. रोज नको, पण पावसाळ्यात किंवा महिनाअखेरीला क्लोजिंगच्या दिवसांत, जेव्हा अकाउंट्सवाल्यांना निघायला आठ वाजतात, तेव्हा ही सोय कामाला येते. ऑफिस ठाण्याहूनच हललंय, म्हणजे तुमच्यासारखे आणखी लोक तिथे नक्की असणार. एचआरला विचारा. कंपनीने जागा बदलली तेव्हा बसबद्दल काही ठरलं होतं का, हेही विचारायला हरकत नाही.

आता संध्याकाळकडे येऊ.

घाटकोपरला मेट्रोच्या जिन्याने उतरून रेल्वेच्या पुलावर आलात की लोक इंडिकेटरकडे बघतात आणि फास्ट दिसली की धावत सुटतात. तुम्हीही तेच करत असणार. फास्ट डोंबिवलीला चाळीस मिनिटांच्या आत पोचवते, स्लो साधारण पंधरा-वीस मिनिटं जास्त घेते, म्हणून फास्ट. पण दोन फास्ट सोडता तेव्हा ती पंधरा मिनिटं फलाटावरच गेलेली असतात, धक्के खात. त्याऐवजी कल्याण किंवा डोंबिवली स्लो पकडून बघा. स्लोला विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडला माणसं उतरत राहतात. लेडीज डब्यात चढल्या चढल्या बसलेल्या बाईला ‘कुठे उतरणार?’ विचारायची आपली पद्धत आहेच. मुलुंड म्हणणारी भेटली की तिच्यासमोर उभं राहायचं. ठाण्याला डबा बराच हलका होतो, आणि तिथून डोंबिवलीपर्यंतचा शेवटचा टप्पा तुम्ही बसून येता. घड्याळात कदाचित पाच मिनिटं जास्त दिसतील, कदाचित तेवढीही नाही. पण घरात शिराल तेव्हा अंगात थोडा जीव असेल. तुम्हाला हवं आहे ते हेच आहे असं मला वाटतं. साडेआठला चिडलेली आई आणि पावणेनऊला पाठीवर बसवून घेणारी आई, यात मुलगा कुणाला निवडेल हे तुम्हालाच जास्त माहीत.

एखाद्या दिवशी फारच थकला असाल तर एसी लोकलचं सुटं तिकीट काढा. मे २०२२ मध्ये एसीच्या सुट्या तिकिटाचं भाडं निम्म्यावर आणलं, तेव्हापासून ते अधूनमधून परवडतं. तुमच्या वेळेला एसी आहे का ते आधी टाइमटेबलमध्ये बघून ठेवा, गाड्या मोजक्याच आहेत. एसीचा महिन्याचा पास मात्र लगेच काढू नका. वेळ रोज जुळली नाही तर पैसे अंगावर पडतात, जरी त्या पासावर साध्या गाडीच्या फर्स्ट क्लासमधून जाता येत असलं तरी. आणि लेडीज फर्स्ट क्लासचं म्हणाल, तर तो इवलासा कप्पा डोंबिवलीकरणींनी आधीच भरलेला असतो. त्यात शिरून बघितल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका.

मरोळ नाक्याच्या रिक्षेबद्दल थोडं. तिथेच आता मेट्रो ३ येते. आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत जाते. आरेच्या दिशेला मरोळ नाक्यानंतरचं स्टेशन एमआयडीसीच आहे. पण वरच्या मेट्रोतून उतरून जमिनीखालच्या फलाटापर्यंत सरकते जिने धरत जायचं, पुन्हा वर यायचं, तेही एका स्टेशनासाठी. ऑफिस स्टेशनच्या अगदी दारात असेल तरच रोजच्या रोज परवडेल. भर पावसात रिक्षा मिळत नाही तेव्हा मात्र देवासारखी धावून येईल. कोरड्या दिवसांत वीस मिनिटं चालता येत असेल तर चालाच, रिक्षा सिग्नलला अडकते तेवढ्यात माणूस पोचतो.

याहून मोठा फरक मार्गाने पडणार नाही, वेळेने पडेल. सहाला सुटलेलं ऑफिस म्हणजे साडेसहा ते साडेसातची घाटकोपरची गर्दी, दिवसातली सगळ्यात वाईट. पाचला निघालात तर तोच फलाट वेगळा वाटेल. वरिष्ठांना हे बोलताना ‘मला त्रास होतो’ म्हणू नका, कारण त्रास सगळ्यांनाच होतो. सरळ प्रस्ताव द्या: मी साडेआठला येईन, पाचला निघेन, आठवड्यातून एक दिवस घरून काम करेन, तीन महिने करून बघू. अकाउंट्सचं बरंच काम आता कुठूनही होतं. सोबतीला हेही सांगा, की मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुंबईतल्या आपल्या कार्यालयांच्या वेळा दोन पाळ्यांत वाटल्या आणि शहरातल्या इतर आस्थापनांनाही तसं करण्याची विनंती केली. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

सकाळी आणखी लवकर निघायचं म्हणजे डब्यांचं काय, मुलाच्या शाळेचं काय, हे तुम्ही आत्ता मनात म्हणालात. इथे मला तुमच्या पत्रातली एक गोष्ट टोचते. सगळे तुम्हाला उपाय सुचवतायत आणि प्रत्येक उपायात बदलायचं तुम्हीच. तुम्ही गाडी चालवा, तुम्ही दादरला जा, तुम्ही नोकरी सोडा. ऑफिस मरोळला गेलं त्याचा भार एकट्या तुमच्या अंगावर का? मुलाला उठवणं, आंघोळ, शाळेच्या बसपर्यंत सोडणं हे मिस्टर करू शकतात. पोळ्यांना बाई लावली तर महिन्याला जे पैसे जातील ते गाडीच्या हप्त्यापुढे काहीच नाहीत. गाडीसाठी १४ हजार काढायची घरची तयारी आहे ना, मग त्यातले थोडे इथे खर्च करा. मला तरी हा सगळ्यात चांगला ‘प्रवासखर्च’ वाटतो.

सासूबाईंशी भांडू नका. त्या सुनेला रोज रात्री गळून गेलेलं बघतात, नातवाची समजूत घालतात, काळजीपोटी बोलतात. पण नोकरी सोडायची की नाही हा निर्णय घाटकोपरच्या फलाटावर घ्यायचा नसतो. इतक्या वर्षांचा अनुभव, पीएफ, स्वतःचा पगार, हे सगळं गर्दीच्या तीन महिन्यांत तोलू नका. प्रवास सुधारून बघा. मग डोंबिवली, ठाणे, ऐरोलीकडे दुसरी नोकरी शोधा. हातात नव्या नोकरीचं पत्र आल्यावर ही सोडा. ठाण्या-मुलुंडला भाड्याने राहायला जाणं हाही एक मार्ग आहे, पण मग आजी-आजोबा आणि शाळा दोन्ही लांब जातात. ते जोपर्यंत घरी आहेत तोपर्यंत तुमच्या परतीच्या प्रवासातली अर्धी काळजी तेच वाहतात, हे हिशेबात धरा.

अशीच पत्रं इतर ठिकाणांहूनही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. बोरिवली-दहिसरहून अंधेरी पूर्वेला जाणाऱ्यांनी लोकलच्या आधी मेट्रो ७ ने गुंदवलीला येऊन, पुलाने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनवर मेट्रो १ पकडून बघावी. सगळ्यांनीच दोन आठवडे एका वहीत घरातून पाऊल टाकल्याची आणि ऑफिसात पोचल्याची वेळ लिहावी, येतानाचीही. शेजारी बसायला मिळालं की उभं राहावं लागलं, एवढंच. गाडीतला वेळ सगळ्यांना तोंडपाठ असतो, पुलावरचा, रांगेतला आणि रिक्षेची वाट बघण्यातला कुणीच मोजत नाही. आणि सरासरी काढत बसू नका, वाईटातले वाईट दोन दिवस कसे गेले ते बघा.

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसणार आहे. उशीर झाला तरी दारात लटकायचं नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांतले दारातले प्रवासी खाली पडले आणि माणसं गेली. तीही तुमच्याआमच्यासारखीच होती. तुम्ही त्याच वळणावरून रोज दोनदा जाता. गाडी सुटली तर सुटू दे. मुलाला फोन करून सांगा की आज उशीर होईल.

पावसाळ्याची सोय आत्ताच करून ठेवा. कुर्ला-सायन किंवा भांडुप-विक्रोळीला रुळांवर पाणी आलं की मेन लाइन अडते आणि मग घाटकोपरला उभं राहण्यात अर्थ नसतो. घाटकोपर, मुलुंड किंवा पवईत रात्री हक्काने जाता येईल असं एक घर, नातेवाइकांचं किंवा मैत्रिणीचं, आधी विचारून ठेवा. ऑफिसात कपड्यांचा एक जोड ठेवा. घरच्यांशीही बोलून ठेवा, की अशा रात्री तुम्ही तिथेच राहाल आणि कुणी काळजीने दहा-दहा फोन करणार नाही. फक्त मेट्रो बंद असेल तर सीप्झच्या (एमआयडीसीलगतच्या औद्योगिक वसाहतीच्या) बाजूने कांजूरमार्ग-विक्रोळीकडे बेस्टच्या बस असतात, तिथून स्लो मिळते.

आता लगेच करायचं ते एवढंच: पुढचा पास तिमाही काढू नका, महिन्याचाच काढा. स्लोचा प्रयोग आणि पाच वाजताची वेळ, दोन्ही या एका महिन्यात बघून घ्या. शोरूममध्ये बुकिंगची रक्कम भरायची ठरली असेल, तर तीही तोवर थांबवा.